रजिस्टर

गेट साडेआठला बंद. त्याआधी पोचते,
क्वार्टर गेटपासून चालत, फाइल छातीशी धरून.
सिस्टर लिओकाडिया चष्मा कपाळावर ढकलतात,
रजिस्टर पुढे करतात: नाव, गाव, कारण.
कारणाच्या रकान्यात मी दर वेळी 'काम' लिहिते.

कोथरूडला मावसबहीण आहे. सोफा-कम-बेड आहे,
आणि भात वाढताना तिचं ते हळूच, 'मग, काय ठरलं?'

इथे तीनशे रुपये, लोखंडी खाट,
गरम पाणी सहा ते साडेसहा, एकच बादली.
नन व्हायला नव्या मुली येत नाहीत आता,
म्हणून आम्ही येतो:
परीक्षावाल्या, केमोवाल्या,
तारीखवाल्या.
भिंतीवर कुणाचा तरी खिळा उरलाय.
त्याला पर्स अडकवते.

पहाटे चॅपेलमधून पाच-सहा म्हातारे आवाज.
शब्द कळत नाहीत. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून
ऐकते, शेजारच्या घरात कुणी
भांडी लावत असावं तसं.

शेवटची तारीख होऊन गेली.
तरी परवा आले.
रकाना कोरा ठेवला.
सिस्टरनी पाहिला, पेनाला टोपण लावलं.
"खालची खोली घ्या," म्हणाल्या,
"वरच्या नळाला पाणी नाही."