हातचा

सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीची पोती तोलून झाली की
आप्पा मोठ्यानं बेरीज करायचे :
"आठ नि सात पंधरा.
पाच लिही, हातचा एक."
आणि करंगळी दुमडायचे.

वहीत रकान्यांच्या डोक्यावर
बारीक, पिवळट एकांची रांग,
कुठल्याच पोत्याचे नसलेले.

बोलणंही तसंच, हातचं राखून.
लग्नानंतर पहिल्यांदा
मला जतच्या एसटीत बसवताना
एवढंच म्हणाले,
"डबा सरळ धर, सांडंल."

आता पोरगा पेन्सिल चावत विचारतो,
हातच्याचं काय करायचं गं?
पुढच्या घरात मिळवायचा.
"आणि विसरला तर?"

आवाज आप्पांसारखा काढून
मी म्हणते, लिही पाच.

करंगळी माझी
केव्हाची दुमडलेली.