शेड पास

उजवा डोळा झाला. डावा पुढच्या मंगळवारी.
मधले हे एकवीस दिवस
मी नौपाड्यात दोन माणसं होऊन राहतोय.

उजवा म्हणतो, भिंत पांढरी आहे,
इतकी, की तिला जरा निळसर थंडी वाजतेय.
डावा म्हणतो, कुणीतरी हिच्यावर
कोऱ्या चहाची कपबशी विसळलीय.
एक झाकतो, दुसरा उघडतो. पुन्हा उलट.
शरयू म्हणते, "पुरे तो खेळ, ड्रॉप टाका."

गंमत अशी, की दोन्ही उघडले
तर तक्रार नाहीच.
भिंत मुकाट्याने पांढरी होते.
ही तडजोड कुणी केली?
मला विचारलं होतं?

बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
मी रंग जुळवले.
टेबलावर दोन चिंध्या, एक गिऱ्हाइकाची, एक आमची.
उत्तरेची खिडकी, सकाळचे अकरा,
अंगात करडा कोट, कारण शर्टाचा रंगही
चिंधीवर सांडतो.
ट्यूबखाली सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या
उन्हात नेल्या की परक्या निघतात,
हे नव्या पोरांना शिकवायचो.
उजेडावर संशय घ्या, म्हणायचो,
कापडावर घ्या, तागडीवर घ्या.
डोळ्याचं नाव त्या यादीत नव्हतं.

बाळकुमची सुलक्षणा मढवी,
लॅबमध्ये चौथाच महिना.
शाळेच्या शर्टाचं आकाशी कापड होतं.
"सर, आपलं निळ्याकडे सरकलंय."
मी पाहिलं. एकच होतं.
म्हटलं, "डोळा तयार व्हायला दहा वर्षं लागतात, बाई,"
आणि शिक्का मारला: शेड पास.

सातशे मीटर परत आलं.
चौकशीत मी लिहिलं,
डाइंगच्या पास्कलने वजनात चूक केली असावी.
'असावी' लिहिलं होतं मी.
पगार मात्र त्याचा नक्की कापला गेला.

डॉक्टर म्हणाले, भिंग पिवळं पडतं, वर्षाला केसभर.
मेंदू रोजच्या रोज हिशेब मिळवून घेतो.
म्हणून कुणीच येत नाही सांगायला
की जग पिवळं झालंय.

घरी आलो त्या दिवशी शरयूला म्हटलं,
"ही निळी साडी कधी घेतलीस?"
"राम मारुती रोडवरून. तुमच्याबरोबर. अकरा वर्षं झाली."
"मी हिला शेवाळी म्हणायचो."
"म्हणायचात."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही रंगातले. मला वाटलं,
शेवाळी म्हणजे असंच काहीतरी असेल."

काल तीन जणांना विचारून
सुलक्षणाचा नंबर मिळवला.
तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या.
"तुझं बरोबर होतं," म्हटलं, "ते आकाशी."
ती बराच वेळ शोधत राहिली.
"कुठलं, सर? मला खरंच आठवत नाही.
तब्येत बरी आहे ना?"
पास्कलला फोन करायचा तर
सहा वर्षं उशीर झालाय.

डॉक्टरांना मी विचारलं होतं,
काढलेलं भिंग घरी नेता येतं का.
ते हसले. त्याचा चुरा होतो,
पाण्याबरोबर ओढून घेतो आम्ही.

आज सोमवार.
कपाटातलं शेडबुक काढलं.
दोन्ही चिंध्या अजून शेजारी टाचलेल्या,
टाचणीभोवती गंजाचं वर्तुळ.
अकरा वाजता खिडकीशी नेल्या.
उजव्याने पाहिलं. दोन.
लांबूनही दोन, आंधळ्यालाही कळावं इतक्या दोन.
डाव्याने पाहिलं.
एक.
आजही, शपथेवर, एकच.
खोटं बोलत नाहीये तो.

दोन्ही एकदम उघडायला
अजून धजत नाही.