तीन चाळीसची पवनी

छातीवर पाच चिकटपट्ट्या, कमरेला डबी,
हातात एक कागद:
वेळ. काय करत होता. काय वाटलं.
शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद.
मशीन लावणारी पोरगी म्हणाली, मावशी, चोवीस तास,
आंघोळ नाही, बाकी सगळं रोजचंच करा.
मे महिना. नागपूर. आंघोळ नाही.

रोजचंच म्हणजे गणेशपेठचं बसस्थानक,
चौकशीची खिडकी, माइक,
आणि माझा आवाज, जो माझ्याहून जास्त लोकांच्या ओळखीचा.
पर्समध्ये कांदा, दुपट्टा कानांवरून घट्ट.
गजभिये कंडक्टर म्हणाला,
"टेपरेकॉर्डर बांधून फिरून राहिल्या का मॅडम?"
मी लिहिलं: अकरा दहा. हसले. बरं वाटलं.

साडेबारा. शेहेचाळीस अंश, कूलरचं गवत कोरडं ठाक.
हॉर्न वाजला की माझ्या पोटऱ्या आवळतात
हे आजच कळलं, लिहायचं होतं म्हणून.
सत्तावीस वर्षं ऐकते आहे,
वाटायचं, सवय झाली.
सवय कानांना झाली होती.
पोटऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग हमाल मारोतीने कूलरवर बादली रिकामी केली.
ओल्या गवताचा वास आला आणि
खांदे आपोआप दोन बोटं खाली उतरले.
कुठे टांगले होते मी ते, सकाळपासून?

एक वाजता डबा. भेंडी. काही वाटलं नाही.

तीन चाळीस.
"भिवापूरमार्गे पवनीला जाणारी गाडी
फलाट क्रमांक सहावर लागली आहे."
दोनदा. आवाज स्वच्छ, नेहमीसारखा.
कागदावर लिहिलं: चहा.

रात्री गच्चीवर पाणी मारलं.
फरशीने आधी वाफ टाकली, मग हट्ट सोडला.
पलीकडे निमजेंच्या घरी कुणीतरी ताटं घासत होतं, सावकाश.
झोप कधी लागली ते लिहायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी धंतोली, डॉक्टर खोब्रागडे,
टेबलावर माझ्या हृदयाची लांबच लांब पट्टी.
पहाटे चारला छप्पन्न, म्हणाले, काय शांत आहे बघा.
दुपारचा उकाडा, हॉर्न, ते समजलं.
पण हे तीन चाळीस?
दीड मिनिट एकशे एकेचाळीस. पळत होता?
चहा प्यायले.
चहाने असं होत नाही, बाई.

मग त्यांनी सांगितलं,
मेंदूत खोल आत बदामाएवढा एक तुकडा असतो,
वास, आवाज, भीती आधी त्याच्या दारात जातात.
त्याच्याकडे कॅलेंडर नसतं.
एकोणीस वर्षं त्याला आत्ताच वाटतात.
मी विचारलं, किती तोळ्यांचा असतो?
ते हसले.
मी गंमत केली नव्हती.

आईच्या पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या.
दोघी बहिणी, एक सराफा दुकान इतवारीतलं,
आणि कुसुमला मी बोलले ते, जे परत घेता येत नाही.
त्या दुपारी ती सहा नंबरवर उभी होती,
निळी पिशवी, पायाशी डिझेलचा धूर.
मी काचेच्या आत.
माइकवरून दोनदा सांगितलं तिला तिची गाडी.
तिने वर पाहिलं नाही.
आमचं शेवटचं बोलणं तेवढंच,
ते सगळ्या स्थानकाने ऐकलं.

रिपोर्टमध्ये लिहून आलं: हृदय निरोगी.
लक्षणांशी पडताळून पाहावे.

छातीवर पट्ट्यांचे पाच लाल गोल अजून खाजतात.
आज तीन चाळीसला पवनी लागली.
दोनदा सांगितलं.
मग बटण दाबलेलंच राहिलं,
आणि मी तिसऱ्यांदाही सांगितलं, हळू,
जसं घरातल्या माणसाला सांगतात.
गजभियेने वळून खिडकीकडे पाहिलं.
गाडी तर केव्हाच भरली होती.