विसर्ग

आण्णांनी एकतीस वर्षं
आयर्विन पुलाच्या खांबावरचे फूट वाचले.
पुराच्या दिवसांत तासातासाला खात्यात फोन:
तेवीस फूट चार इंच. तेवीस फूट नऊ.
नदी चढली म्हणून आवाज कधी चढला नाही.
आकडा सांगायचे आणि फोन ठेवायचे.

आता मोरीच्या उंबऱ्यापाशी उभे राहतात.
पूर ओसरल्यावर चप्पल गाळात राहते
आणि पाऊल तेवढं वर येतं.
इथं पाऊलच राहतं.
मी म्हणते, उचला.
ते म्हणतात, उचललंय की.

लेंगा ओला होतो.
तांब्या सांडला, म्हणतात.
मीही म्हणते, तांब्या सांडला.
हाक मारताना आधी आत्याचं नाव, मग आईचं,
दोन पायऱ्या उतरून माझं.

वय झालं, सुकुमारदादा पुण्याहून म्हणाला.
हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढले,
झिजलेत म्हणाले. झिजलेच होते.
दुसऱ्यांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या,
हात न कापणाऱ्या माणसाला, सहा महिने.
तिसऱ्यांनी आण्णांना सोडून माझ्याकडं बघितलं:
तुम्ही तरी किती करणार.

मग फिजिओथेरपीची निलोफर मुल्ला.
जेमतेम पंचविशीची पोर,
चालताना नाही, वळताना बघत बसली त्यांना.
मागं फिरायला अकरा पावलं लागली.
औषधांच्या पावतीमागं तिनं एक नाव लिहिलं, मिरजेचं.
"मेंदूच्या डॉक्टर आहेत.
चालणं, विसरणं, लघवी,
तिन्ही एका दमात सांगा.
आजवर तुम्ही वेगवेगळ्या दारांत सांगत आलाय."

मगदूम डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
मधोमध काळा डोह, दोन्हीकडं फाटे फुटलेला.
म्हणाल्या, मेंदूत पोकळ्या असतात, त्यांत पाणी असतं,
तुमच्याही, माझ्याही.
रोज अर्धा लिटर नवं होतं, जुनं जिरतं.
ह्यांचं जिरणं बिघडलंय.
मी वहीत लिहीत होते, हायड्रोसेफॅलस,
स्पेलिंग विचारायची लाज वाटून मराठीतच.
आण्णा खिडकीकडं बघत बसलेले.
अचानक म्हणाले,
"म्हणजे आवक चालू, विसर्ग बंद."
डॉक्टर थांबल्या. "हो. अगदी तसंच."
उन्हाळ्यापासूनचं
ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

पाठीतून सुईनं थोडं पाणी काढून बघितलं,
टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी.
संध्याकाळी दवाखान्याच्या लांबलचक बोळात
मी वळण मोजलं. सहा.
परत चालवून मोजलं. सहा.
मग भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता
बराच वेळ वाचत राहिले.

ऑपरेशनवाले डॉक्टर वेगळे, बोलायला कोरडे.
नळी कानामागून कातडीखाली, गळ्यावरून पोटात.
मध्ये झडप, बाहेरून चुंबकानं फिरवता येते.
तुंबू शकते. जंतू धरू शकतात.
चालणं आधी सुधारेल.
आठवण मागाहून, आली तर.
मी सही केली. पेन दोनदा झटकावं लागलं.

दोन जखमा भरल्या, एक डोक्यावर, एक पोटावर.
शाळेत देसाईबाई शिकवायच्या,
विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं,
उच्चार श्वास सोडल्यासारखा.
दुःख लिहिताना मी ती नेहमी विसरायचे.

आज रात्री चपलांचा आवाज आला.
घासत नव्हता. म्हणजे थोडाच घासत होता.
मोरीचा दिवा लावून आण्णा कानामागं बोट ठेवून उभे.
"किती आहे?"
"ठीक आहे, आण्णा."
"ठीक म्हणजे? आकडा सांग."
"वळायला सात."
"आणि सकाळी?"
"सकाळी सहा."
थोडा वेळ गप्प.
"चढतंय का उतरतंय, ध्यान ठेव," म्हणाले,
"तासाभरानं परत बघ, ताराक्का,"
आत्याच्या नावानं,
आणि उंबरा ओलांडून आत गेले.