जेरेगौर

नगरपालिकेच्या स्मरणिकेत
तालुक्याच्या माजी आमदारांना प्रत्येकी चार ओळी.
फोटो असल्यास तीन.

इरवंतराव कोटगिरे, देगलूर.
हैदराबाद विधानसभा, एकच खेप.
फोटो नाही. म्हणजे आहे, घोळक्याचा,
त्यात कुणाच्या तरी फेट्यामागून
एक कान तेवढा बाहेर आलाय
आणि त्यांची सून छातीठोक सांगते, हा मामंजींचाच.

माझे वडील तेव्हा मतपेट्या वाहायचे.
ज्याची त्याची पेटी वेगळी, वर ज्याचं त्याचं चिन्ह.
कोटगिऱ्यांच्या पेटीवर तराजू.
बायांनी तिला हळदकुंकू लावलं,
एकीनं तर फटीतून चिमूटभर ज्वारी सोडली.
मोजणीला ती निघाली. बाद धरली.

सभागृहात ते एकदाच उठले.
उर्दू शाळेतली, मराठी घरची,
रागावले की तेलुगू.
सवाल एवढाच, की लेंडीवर पूल कधी?
पूर आला की बाळंतीण
गुळाच्या काहिलीत बसवून आणावी लागते,
आणि काहील गोल फिरते, जनाब, सरळ येत नाही.
म्हणतात, तेव्हा सभागृह हसलं.
जवाब आला: मामला जेर-ए-गौर आहे.

तो कागद त्यांनी भर बाजारात वाचून दाखवला,
मोठ्यानं, जणू पूलच सोबत आणलाय.
पोरांनी तेवढाच शब्द उचलला, मागून ओरडायला.
संगव्वा म्हणाल्या,
आणलं काय मग हैदराबादहून?
छत्री एक, अन् खोकला.

छप्पन साली राज्यच मोडलं.
बाकावरचा डावा शेजारी म्हैसुरात गेला,
उजवा आंध्रात,
हे मुंबई राज्यात, तिघंही जागचे न उठता.
आपला सवाल कुणाच्या दप्तरात गेला
हे त्यांनी सात पत्रं लिहून विचारलं.
साताही पत्रांच्या नकला आहेत.
उत्तराची नाही.

पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं.
मग तहसीलसमोर लिंबाखाली
लोकांचे अर्ज लिहीत बसले,
दोन आणे, चार आणे,
वाटणीला भांडणाऱ्या भावांना दुप्पट.
शेवटी 'विचार व्हावा' लिहा असं कुणी म्हटलं
तर लिहायचे, 'काम व्हावं'.

पूल झाला त्र्याहत्तरला, दुष्काळी कामात.
पाटीवर दुसऱ्याचंच नाव.
उद्घाटनाला हे मागे उभे होते म्हणे,
कठड्याला हात लावून पाहिला,
चुना ओला होता,
तळहात तसाच घेऊन घरी आले
आणि जेवायला बसेपर्यंत धुतला नाही.

तीन ओळी झाल्या.
चौथी: विशेष कार्य.
चहा सांगून अर्धा तास झालाय.
खिडकीतून ओरडलो, काय रे, किती वेळ?
हॉटेलातलं पोरगं, असेल पंधरा-सोळाचं,
उर्दूचं एक अक्षर न येणारं,
भट्टीवरनं मान न वळवता म्हणालं,
जेरेगौर हाय, साहेब.