एक घर रिकामं

हेरंबचा फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे सात,
त्याच्याकडे, अॅरिझोनात, आदल्या दिवसाची संध्याकाळ.
रुंद काठाची टोपी, गळ्यात लाल रुमाल,
पुढ्यात टेबलावर दोन रिव्हॉल्व्हर,
एकाच आईची वाटावीत अशी.
"काका, ह्यातला खयचा घेव?"

बाबांच्या हाताला रॉकेल, म्हणून फोन मी धरलेला.
मांडवीच्या वाटेवर आमचं दुकान. पाटी कधीच पुसली.
तरी काजूत डुकरं शिरली की
मठ, आसोली, उभादांडा, सगळ्यांना पत्ता आठवतो.
पोत्यात गुंडाळून ठासणीच्या बंदुका आणतात,
निवडणुकीत ठाण्यात जमा होऊन गंजलेल्या.
रिव्हॉल्व्हर बाबांनी जन्मात दोनदा उघडलं,
दोन्ही वेळा एकाच फौजदाराचं.

हेरंब सांगत होता, शनिवारी सगळे जमतात,
दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालतात,
लोखंडी पत्र्यांवर नेम धरतात.
लागलं की टण्ण वाजतं. बस, एवढंच.
टोपणनाव घ्यावंच लागतं. ह्यानं 'काजू' घेतलंय.
"आणि घोडे?" बाबांनी विचारलं.
"घोडो फक्त पिस्तुलाक, काका. माणसां गाडीयेन येतत."
बाबा हसले, दात नसलेल्या बाजूनं.

मग कामाचं बोलणं.
एक अगदी जुन्यासारखं, स्क्रूसुद्धा तसाच.
त्याच्या घोड्याची चोच थेट काडतुसावर टेकते,
म्हणून सहातलं एक घर रिकामं ठेवायचं,
घोडा त्या रिकाम्यावर निजवायचा.
दुसरं दिसायला तसंच, पण पोटात पोलादाची पट्टी;
चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव पोचत नाही.
हातातून पडलं तरी गप्प.
जुनं वापरणारे नव्याला नाक मुरडतात.
नवं वापरणारे म्हणतात, आम्हाला दहाही बोटं हवीत.

"वाजवन दाखव," बाबा म्हणाले.
हेरंबनं जुन्याचा घोडा मागं ओढला.
चार आवाज आले, सुटे सुटे,
मोठ्या कुलुपात किल्ली फिरावी तसे.
बाबांनी डोळे मिटले. "परत."
पुन्हा चार.
नव्याचा एकच, कोरडा. तो त्यांनी परत मागितला नाही.

मला वाटलं, आता म्हणणार जुनं.
कानशीच्या एका ओढीत पोलाद ओळखणारा माणूस,
नव्या बंदुकीला 'डबो' म्हणणारा.
"नया घे," ते म्हणाले.
"काका, तू असा सांगतंस?"
"माका इचारलंस मां? नया घे."
आणि भात्याकडे वळले. भट्टी पेटलेलीसुद्धा नव्हती.

हेरंबला ठाऊक आहे की त्याचे वडील
माडावरून पडून लंगडे झाले.
मला ठाऊक आहे तो गडगा,
त्यावरून जयवंतकाकांनी मारलेली उडी,
अर्ध्या चापावर ठेवलेली भरली बंदूक,
आणि तिची खाच. आदल्याच दिवशी बाबांनी घासलेली,
केसभर जास्त.
माडाची गोष्ट काकांनीच रचली.
दवाखान्यात जाईपर्यंत बैलगाडीत तिघांकडून घोकून घेतली.
जाईपर्यंत तीच सांगत राहिले.

पुढच्या आठवड्यात फोटो आला.
हेरंबनं जुनंच घेतलं होतं.
खाली लिहिलेलं:
तसंही इथला नियम आहे,
जुनं असो की नवं, घालायच्या पाचच.
मी वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत.
आसोलीच्या एकाची नळी दोऱ्याला चिंधी बांधून साफ करत होते,
उजेडाकडे धरून आत पाहत होते.

रात्री जेवण झालं, ताटं मी उचलली,
समुद्राचा आवाज मांडवीवरून अंगणात येत होता.
ओटीवरून त्यांनी विचारलं,
जणू मधे दिवस गेलाच नव्हता,
"पाचच घालता मां तो?"