रॉबिन आत आला तेव्हा

अट्रॅक्टा लॅव्हेल, वय शहाऐंशी,
मूळची अचिल बेटावरची, साठ वर्षं बर्मिंगहॅमात,
वरची खोली मला देताना
अनामत नको म्हणाली. नियम सांगितले.

मॅगपाय एकटा दिसला तर सलाम ठोकायचा,
मंडळी बऱ्या आहेत ना, विचारायचं;
एकटेपणा त्याच्या लक्षात आणून द्यायचा नाही.
पाकोळीच्या अंगात सैतानाचं रक्त, थेंबभरच,
पण तिच्या वाटेला जायचं नाही.
सीगलला दगड नाही. कोण कुणाचा असेल, सांगता येत नाही.
(तिचा धाकटा भाऊ होडीसकट गेलेला.)
रॉबिनला मारणाऱ्याचा हात जन्मभर थरथरतो,
आणि रॉबिन घरात शिरला
तर –
इथे तिनं मला आणखी एक बिस्किट दिलं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, रात्रपाळीला.
माणसांचं रक्त काचेवर पसरून बघते,
शकुनबिकुन मानत नाही.
पण आमचे अण्णा कोर्टाच्या तारखेला निघताना
चपला घालून दहा मिनिटं कुंपणाशी रेंगाळायचे,
भारद्वाज दिसला नाही तर निदान ऐकू तरी यावा म्हणून.
खटला हरले. भारद्वाजाला कुणी बोल लावला नाही.

डिसेंबरात एका पहाटे कामावरून आले
तर स्वयंपाकघरात, ब्रेडच्या डब्यावर, तो.
छाती विटकरी, डोळा मोहरीएवढा,
पाहुण्यासारखा नाही, वसुलीला आल्यासारखा उभा.
बॉयलरवाला खिडकी उघडी टाकून गेला होता.
मी भांडी पुसायच्या फडक्यात त्याला धरलं.
वजन काहीच नाही. नुसती धडधड.
बाहेर सोडला, खिडकी लावली,
डब्यावरची शीट पुसली
आणि कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर माझी दिवसाची झोप गेली.
पडल्या पडल्या खालचे आवाज मोजायचे :
खोकला, रेडिओ, काठी,
किटलीची शिट्टी. शिट्टीला उशीर झाला
की अनवाणी जिन्यापर्यंत.
जानेवारी गेला. फेब्रुवारीत ती घसरली,
मनगट मुरगळण्यावर निभावलं.
मी मात्र आठवडाभर सुट्टी काढली,
कारण विचारलं तर दाढ दुखते म्हटलं.

एप्रिलमध्ये बटाटे सोलता सोलता म्हणाली,
तो आला होता ना गं, नाताळाच्या आधी?
मी जिन्यात उभी होते. तुझ्या हातातलं निळं फडकं पाहिलं.
बोलले नाही.
वाटलं, तुझ्यासाठी आलाय.
रात्रीबेरात्री बस पकडतेस, धड जेवत नाहीस.
तुझ्या आईला कसं कळवायचं, कुठल्या भाषेत,
तेही मनाशी जुळवून ठेवलं होतं.
रोज पहाटे दारात तुझी किल्ली वाजेपर्यंत
मी जपमाळ धरून जागी.

साल न तुटता सुरीवरून उतरत राहिलं.
मी विचारलं, मग तो आला कुणासाठी?
ब्रेडसाठी असेल, ती म्हणाली.

तेवढ्यात कुंपणावर मॅगपाय. एकच.
तिचे हात पिठूळ, ओले.
मीच उठून सलाम ठोकला,
मंडळींची चौकशी केली, मराठीत.
त्यानं मान वाकडी करून ऐकून घेतलं.
त्याला काही अडचण दिसली नाही.